विमानातला ‘फाटीं वचात’

विमानात कसे वागावे हे शिकवणाऱ्यांचे अलीकडे उदंड पीक आले आहे. सकाळी मोबाईल उघडावा तर सुप्रभातच्या फुलांखाली एक यादी येऊन पडलेली असते. चाके जमिनीला टेकताच उभे राहू नये. घरचा डबा उघडू नये. मोठ्याने बोलू नये. पायातले काढू नये. पाठ मागे टेकण्याआधी दहादा विचार करावा. बटण दाबून सारखे पाणी मागू नये. आणि यादीच्या शेवटी तो ठरलेला सवाल : आपले लोक कधी सुधारणार? हा सवाल विचारणारा स्वतः ‘आपल्या लोकां’तून केव्हाच बाहेर पडलेला असतो, हे वेगळे सांगायला नको.

मंडळी, यादीतल्या बऱ्याच गोष्टी बरोबर आहेत. माझे भांडण यादीशी नाही. ती कुणाकडे तोंड करून वाचली जाते, याच्याशी आहे. लांबच्या विमानप्रवासात माणूस माणसावर वैतागतो, त्याची बहुतेक मुळे शेजाऱ्याच्या संस्कारात नसतात, तिकीट विकणाऱ्याच्या हिशेबात असतात. तरी उपदेश सगळा प्रवाशाला, आणि त्यातही पहिल्यांदा विमानात चढणाऱ्याला. कंपनीला एका अक्षराचा नाही. हे काही मला पटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी सरकारी कारकून. वीस वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला बसून एक गोष्ट पाहत आलो आहे. चारपैकी तीन खिडक्या बंद असल्या की बाहेरची रांग वाढते आणि रांगेतली माणसे एकमेकांवर खेकसू लागतात. ‘ओ, मध्ये कुठे घुसता?’ ‘तुमची पिशवी बाजूला घ्या आधी.’ बंद खिडक्यांकडे बोट दाखवून ‘ह्या का बंद?’ असे विचारणारा महिन्यातून एखादाच निघतो. आत बसलेल्यांत तो भांडखोर ठरतो. पण खरा प्रश्न त्याचाच असतो.

आमच्या गोव्यातल्या खाजगी बसमध्ये मात्र हा गोंधळ होत नाही. म्हापशाहून पेडण्याला किंवा डिचोलीहून साखळीला संध्याकाळच्या बसने गेलेला प्रत्येक जण ‘फाटीं वचात, फाटीं वचात’ ही आरोळी ओळखतो. मागे तसूभर जागा नसते. कंडक्टर दारात लटकून आणखी चार जणांना आत कोंबत असतो. कुणाचा पाय तुडवला जातो, कुणाच्या पाठीत टोपलीचा कोपरा घुसतो. पण तुडवलेल्या पायाचा मालक शेजाऱ्याकडे पाहून हसतो आणि कंडक्टरला ऐकवतो, ‘कितलीं भरतलो रे?’ दोष कुणाचा हे बसमधल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक असते.

विमानात चढलो की हे शहाणपण आपण खालीच ठेवून जातो. तिथेही ‘फाटीं वचात’ चाललेले असते, फक्त ते ओरडून कुणी सांगत नाही. ते आधीच कारखान्यात, खुर्च्या बसवतानाच झालेले असते.

थोडे इंच मोजू. बोईंग ७७७ हे विमान १९९५ मध्ये सेवेत आले, तेव्हा साध्या वर्गात एका रांगेत नऊ खुर्च्या ही सर्वसाधारण पद्धत होती. पुढे त्याच रुंदीत दहा बसवण्याची चाल पडली. बोईंग ७८७, म्हणजे ज्याला ड्रीमलायनर असे स्वप्नाळू नाव आहे, त्यात रांगेत आठ खुर्च्यांची कल्पना सुरुवातीला होती. बहुतेक कंपन्यांनी नऊ बसवल्या. परिणामी खुर्ची साधारण १७ इंच रुंद. अमेरिकेत प्रवाशांच्या एका संघटनेने यावर खटला भरला. पुढच्या-मागच्या रांगांतले अंतर पूर्वी सरासरी ३५ इंच होते ते ३१ वर आले, काही विमानांत तर २८ वर, असा हिशेब तिथे मांडला गेला. २०१७ साली तिथल्या अपील न्यायालयाने या आक्रसत चाललेल्या खुर्चीची दखल घेऊन विमान नियामकाला फेरविचार करायला सांगितले. २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने किमान माप ठरवा असा कायदाच केला. मग हजारो लोकांनी हरकती-सूचना पाठवल्या. आणि २०२३ मध्ये न्यायालयाने, नियामकाला तशी सक्ती करण्याइतका पुरावा दिसत नाही, असे म्हणून विषय मिटवला. सरकारी फाईल कशी फिरते हे मला कुणी शिकवायला नको, पण या फाईलने माझ्यासारख्यालाही तोंडात बोट घालायला लावले.

आता या ३१ इंचांत खुर्ची मागे टेकण्याचे बटण दिलेले असते. बटण दाबले की पुढच्याची पाठ मागच्याच्या गुडघ्यावर. म्हणजे कंपनीने एकच जागा दोघांना विकली. पुढच्याला सांगितले, ही जागा तुझी, मागे टेक. मागच्याला सांगितले, ही जागा तुझी, पाय ठेव. आणि भांडायला दोघांना आठ-दहा तास मोकळे सोडले. कोर्टकचेरीत एकच जमीन दोघांना विकणाऱ्याला काय म्हणतात ते गोव्यात तरी कुणाला विचारायला नको. तिथे दोन्ही खरेदीदार मिळून विकणाऱ्याला शोधत जातात. विमानात ते एकमेकांची गचांडी धरतात.

ही अतिशयोक्ती नव्हे. पुढच्याला खुर्ची मागे टेकताच येऊ नये म्हणून गुडघ्यापुढच्या ट्रेला अडकवायचे एक प्लास्टिकचे साधन अमेरिकेत २००३ साली बाजारात आले. ऑगस्ट २०१४ मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एकाने ते लावले, पुढची बाई चिडली, तिने त्याच्यावर पाणी फेकले आणि विमान शिकागोला उतरवावे लागले. गंमत म्हणजे ते दोघेही जास्त पैसे भरून चार इंच जास्त घेतलेल्या रांगांतले होते. पुढे २०२० च्या फेब्रुवारीत अशाच एका खुर्चीच्या तंट्याची चित्रफीत गाजली, तेव्हा डेल्टा या बड्या कंपनीचे प्रमुख एड बास्टियन यांनी दूरचित्रवाणीवर सल्ला दिला, की मागे टेकण्याआधी मागच्याला विचारणे सभ्यपणाचे. सल्ला चांगलाच आहे. पण तो कुणी द्यावा? खुर्च्यांमधले अंतर ज्याच्या सहीने ठरते त्याने? कंडक्टरने बस ठासून भरावी आणि वर ‘एकमेकांना सांभाळून घ्या हं’ म्हणून प्रवचन झोडावे, असा हा प्रकार.

या विमानांत बसतात कोण तेही पाहू. पेडणे तालुक्यात मोपाच्या सड्यावर नवा विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, मनोहर पर्रीकरांचे नाव त्याला मिळाले. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या बाजूच्या लोकांच्या जमिनी त्यात गेल्या, काजूच्या बागा गेल्या. त्या जमिनींचे, मोबदल्याचे, नोकऱ्यांचे गाऱ्हाणे हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो आज उघडत नाही. जुलै २०२३ मध्ये मोपाहून लंडनच्या गॅटविकला थेट विमान सुरू झाले, तेव्हा ज्याच्या घरावरून विमाने जात होती त्याला घराजवळूनच नऊ-दहा तासांच्या प्रवासाला बसण्याची सोय झाली. त्याआधीही आमची माणसे लांब जातच होती. सत्तरच्या दशकापासून कुवेत, बहरीन, मस्कत, दुबई. बोटीवरचे तारवटी तर कुठल्या बंदरात बोट धरायची असेल तिथे जातात. डिचोलीच्या बाजूने खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून आखातात गेलेले कितीतरी आहेत. आणि आता मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या आया.

यादीतला विनोद यांच्यावर असतो. चाके टेकताच उभा राहणारा तो. हँडबॅगेऐवजी दोरीने बांधलेले खोके आणणारा तो. फॉर्म भरून द्या म्हणून शेजाऱ्याला विनवणारा तो. चाके टेकताच उभे राहण्यात अर्थ नाही हे मलाही मान्य आहे, दार उघडायला वेळ असतो आणि डोक्यावरची बॅग कुणाच्या तरी टाळक्यात पडते. पण तो उभा का राहतो? ज्या बसने तो जन्मभर फिरला ती बस, तुम्ही स्टॉपच्या आधी दारापाशी पोचला नाहीत, तर तुम्हाला घेऊन पुढे जाते. ही सवय आहे, असंस्कृतपणा नव्हे. दोनदा विमानात बसला की जाते.

आणि सहप्रवासाचे शिष्टाचार आम्हाला विमानाने शिकवावेत? आमच्या आधीच्या पिढीने मुंबई-पणजी आगबोटीच्या डेकवर रात्री काढल्या. वडिलांच्या तोंडून त्याची वर्णने मी ऐकली आहेत. ज्याची पथारी आधी पडली त्याची जागा, पण बाळंतीण किंवा म्हातारे माणूस आले की पथारी आपोआप आखडायची. बोट लागलेल्याला लिंबू पुढे यायचे, मग तो कुणाचा कोण का असेना. डबे उघडायचे ते विचारून, म्हणजे ‘वास येईल का’ असे विचारून नव्हे, ‘घेता का’ असे विचारून. ‘वायच सर’ एवढ्या दोन शब्दांत जागेचा प्रश्न सुटायचा. डेकवर जागा कमीच होती. पण ती मोजून, कापून, प्रत्येक तुकडा वेगळ्या भावाने विकलेली नव्हती, म्हणून ती देता येत होती.

विमानात जागा देता का येत नाही, त्याचे इंगित यातच आहे. तिकिटाचे पैसे भरल्यावर खिडकीकडची जागा हवी, पैसे. पुढची हवी, पैसे. नवरा-बायकोला शेजारी बसायचे, पैसे. नाही भरले तर यंत्र कुटुंबाची वाटणी करून टाकते, एक बाराव्या रांगेत, दुसरा एकतिसाव्या. मग आत शिरल्यावर सुरू होतात विनवण्या. ‘जरा बदलता का, आई एकटी आहे.’ ज्याने पैसे भरून जागा घेतली त्याला हा आगाऊपणा वाटतो, त्याचेही चूक नाही. ज्याची आई एकटी आहे त्याचेही चूक नाही. पैसे दोघांकडूनही काढण्याची सोय करून ठेवणारा तिसरा तेवढा नामानिराळा. हा प्रकार इतका बोकाळला, की एप्रिल २०२४ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कंपन्यांना बजावावे लागले, की बारा वर्षांखालच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्या. लहान मूल आईजवळ बसावे हे सांगायला सरकारी आदेश लागतो, आणि असंस्कृत कोण? डबा उघडणारी म्हातारी!

म्हातारीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी भाचीच्या बाळंतपणासाठी आईला सोबत म्हणून मी मुंबईहून अमेरिकेला गेलो होतो. पंधरा-सोळा तासांचा थेट प्रवास. कंपनीचे नाव घेत नाही, सगळ्यांची तऱ्हा सारखीच. आम्हा दोघांना वेगवेगळ्या रांगा मिळाल्या. आई पुढे खिडकीला, मी मागे. तासाभराने तिला पाहायला गेलो तर तिने मेथीच्या लाडवांचा डबा काढला होता. शेजारी आपल्याकडचेच एक गृहस्थ होते, कोट वगैरे घातलेले. ते मला हळूच म्हणाले, ‘अहो, तो डबा आत ठेवायला सांगा ना. लोक हसतात आपल्याला.’ आईने त्यांच्यापुढे डबा धरला, म्हणाली, ‘घेयात, घरचो आसा.’ त्यांनी कानाला हेडफोन लावले. थोड्या वेळाने जेवणाची ट्रॉली आली आणि पुन्हा गरम केलेल्या कोंबडीचा वास साऱ्या विमानभर पसरला. त्याचा त्यांना काही त्रास झाल्याचे दिसले नाही. वास विकत घेतलेला असला की तो सुवास होतो.

पण मला खरे सांगायचे आहे ते पुढचे. आई पाणी पिईना. ट्रॉली आली की ‘नाका’ म्हणायची. का, म्हणून विचारले तर म्हणाली, पाणी प्यायले की उठावे लागते, या दोघांना पुन्हापुन्हा उठवायचे कसे, बरे दिसत नाही. पाच तास ती बसल्या जागेवरून हलली नव्हती. पाय जमिनीला पुरत नव्हते, खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतत होती. शेवटी माझ्या शेजारच्या एका मल्याळी परिचारिकेने आपणहून तिच्याशी जागा बदलली. वर आईच्या पायाखाली ठेवायला स्वतःची बॅग दिली आणि दर दोन तासांनी तिला फिरवून आणा म्हणून मला बजावून गेली.

ती परिचारिका उगाच बोलत नव्हती. चार तासांहून जास्त वेळ न हलता बसून केलेल्या प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आपल्या अभ्यासातून सांगितले. एकूण धोका तसा कमी, निरोगी माणसांत सहा हजारांत एक, पण फार उंच आणि फार बुटक्या माणसांना, लठ्ठ माणसांना तो जास्त. बुटक्या म्हणजे १६० सेंटिमीटरखालच्या. आपल्या किती आया त्याहून उंच आहेत? त्यात विमानातल्या हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. नियमाप्रमाणे तो जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीइतका विरळ असू शकतो. महाराष्ट्रातले सगळ्यांत उंच कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, आमचे सोसोगड त्याहूनही ठेंगणे. म्हणजे कळसूबाईच्याही बऱ्याच वर, वाळवंटासारख्या कोरड्या हवेत, सत्तरीची बाई पंधरा तास पाणी न पिता बसते. कशासाठी, तर सभ्य दिसावे म्हणून. यादी लिहिणाऱ्यांनो, तुमचा उपदेश असा पोचतो बरे. निर्लज्जाच्या कानाशी तो पोचतच नाही. जो आधीच संकोचलेला असतो तोच तो ऐकतो, आणि आणखी आक्रसून बसतो.

आता कुणी म्हणेल, हा कारकून प्रवाशांचे वकीलपत्र घेऊन बसला आहे. नाही. खरा उर्मटपणा असतो, आणि त्याला क्षमा नसावी. पण तो कुठून येतो ते पाहा. २३ मार्च २०१७ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या विमानात वरच्या वर्गाची जागाच नव्हती, म्हणून तेव्हाच्या उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या साठीच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारले आणि पंचवीस वेळा मारले असे कॅमेऱ्यापुढे स्वतःच सांगितले. त्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उपद्रवी प्रवाशांवर बंदीचे नियम आले. शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावल्यास सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असे वागल्यास किमान दोन वर्षे. हे नियम मोपाच्या काजू बागायतदारामुळे करावे लागले नाहीत.

दुसरे उदाहरण गोव्याचेच. १४ जानेवारी २०२४. दिल्लीत दाट धुके. दिल्लीहून गोव्याला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात कित्येक तास खोळंबलेल्या एका प्रवाशाने, आणखी उशीर होणार ही सूचना वाचणाऱ्या वैमानिकाला धावत जाऊन ठोसा मारला. त्याच दिवशी गोव्याहून दिल्लीला निघालेले दुसरे विमान धुक्यामुळे मुंबईला उतरवले गेले, आणि दमलेले प्रवासी विमानाशेजारीच धावपट्टीच्या बाजूच्या फरशीवर बसून जेवले. दोन्ही चित्रफिती देशभर फिरल्या आणि दोन्हींवर एकच शेरा : बघा आपले लोक. थांबा जरा. ठोसा मारणारा गुन्हेगारच. वैमानिकाने धुके आणले नव्हते, आणि माणसावर हात उचलायला उशीर हे कारण होऊ शकत नाही. पण जमिनीवर बसून जेवणारे? त्यांच्याबाबत चौकशी झाली तेव्हा सरकारने दंड कुणाला केला? इंडिगोला १ कोटी २० लाख, मुंबई विमानतळाला एकूण ९० लाख. प्रवाशांना नव्हे. चित्रात बेशिस्त दिसत होते प्रवासी, कागदावर दोषी ठरले व्यवस्था ठेवणारे. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला सापडणार नाही.

तिसरे उदाहरण सांगताना हात जड होतो. अमेरिकेहून येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांपाशी चाकाच्या खुर्च्यांची रांग लागते, त्यावर किती विनोद होतात! उतरल्यावर म्हणे सगळे चालू लागतात, चमत्कार. अहो, त्यातल्या निम्म्या आयांचे गुडघे दुखतात हे तर आहेच, पण पुष्कळांना खुर्ची हवी असते ती खुर्ची ढकलणाऱ्या माणसासाठी. परक्या विमानतळावर इंग्रजी पाट्या वाचून पुढचे विमान गाठून देणारा कुणी तरी हवा असतो. वाटाड्या हवा असतो, म्हणून त्या खुर्ची मागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका ऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीने खुर्च्या मागितल्या होत्या. एकच मिळाली. पत्नीला तीत बसवून ते स्वतः बरोबर चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. महासंचालनालयाने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. त्या माणसाने आरडाओरडा केला नव्हता. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबायला सांगितले होते म्हणे, पण पत्नीबरोबर राहायचे म्हणून तो चालला. यादीतल्या कुठल्या कलमात त्याला बसवणार?

तेव्हा शिष्टाचार हवेत का? हवेतच. पण ते मोजके आहेत आणि कुणाला लाजवण्यासाठी नाहीत. माझ्या मते लांबच्या प्रवासाला एवढे पुरे. कडेला बसलेल्याने आतल्याला उठायचे असले तर कपाळाला आठी न घालता उठावे, आणि आत म्हातारे माणूस असेल तर दोन तासांनी आपणच विचारावे, ‘उठायचं का आजी?’ मधल्या खुर्चीवाल्याला दोन्ही बाजूंचे हात ठेवायला द्यावेत, बिचाऱ्याकडे ना खिडकी ना वाट. पाठ टेकायची तर मागे एकदा बघून, हळूहळू, आणि जेवण आले की सरळ. मोबाईलचा आवाज आपल्या कानापुरता. संडासात अनवाणी जाऊ नये, खाली सांडलेले ते पाणीच असते असे नाही. विमान उतरताना मूल रडले तर आईकडे डोळे वटारू नयेत, दाब बदलल्याने त्याचे कान दुखत असतात, तोंडात काही चोखायला असले की बरे वाटते. पहिल्यांदा बसलेल्याला पट्टा लावून दाखवावा, फॉर्म भरून द्यावा, आणि त्याची गोष्ट घरी जाऊन विनोद म्हणून सांगू नये.

आणि याच्या जोडीला एक शिष्टाचार आणखी, जो कुठल्याच यादीत नसतो. विचारण्याचा. २०१९ साली केंद्राने प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. ठरावीक तासांपेक्षा जास्त खोळंबा झाला तर खाणेपिणे, देशांतर्गत विमानाला सहा तासांवर उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, हे तीत लिहिलेले आहे. ‘असाधारण परिस्थिती’ची पळवाट कंपन्यांना ठेवलेली आहे हेही खरे. तरी मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही हा सरकारी खात्याचा अनुभव इथेही लागू पडतो. काउंटरवर जाऊन शांतपणे, आवाज न चढवता, लेखी उत्तर मागणारा माणूस असभ्य नसतो. तो रांगेतल्या सगळ्यांचे काम करत असतो. खुर्चीचे किमान माप ठरवा ही मागणी आपल्या खासदारांकडे, आमदारांकडे कुणी केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. मोपाच्या पार्किंगच्या दरांवर आपण तावातावाने बोलतो, टॅक्सीवर बोलतो, आणि आत शिरल्यावर १७ इंचांत मुकाट बसतो. बसतो ते बसतो, शेजाऱ्याच्या कोपरावर राग काढतो.

उद्या तुमच्या गुडघ्यावर पुढची खुर्ची येऊन आदळली, की आधी त्या माणसाकडे पाहून हसा. तोही तुमच्यासारखाच मागे ढकलला गेला आहे. मग विचारा, ‘कितलीं भरतलो रे?’ पण ते त्याला नव्हे, कंडक्टरला.

असो.